तापमानाचा काटा नसलेली गाडी आणि खंड्या

मॉरिस मायनर या जुन्या ब्रिटिश गाडीच्या डॅशबोर्डवर मधोमध एकच मोठी गोल तबकडी असते. वेग, चाललेलं अंतर, पेट्रोल, आणि ऑइल व चार्जिंगचे दोन दिवे, सगळं त्यातच. इंजिन किती तापलंय हे सांगणारा काटा मुळातच दिलेला नाही. आमची गाडी १९६३ सालची, १०९८ सीसीची, दोन दारांची. अॅलेक इसिगोनिसने आखलेलं हे मॉडेल १९४८ मध्ये बाजारात आलं. उत्पादन सुरू व्हायच्या अगदी तोंडावर त्याला गाडी अरुंद वाटली, म्हणून त्याने नमुन्याची गाडी मधोमध उभी कापून चार इंचांनी रुंद केली. बॉनेटच्या मध्यावरून जाणारी पट्टी ही त्या चार इंचांची खूण. खंड्याला मागे ऐसपैस पसरता येतं ते याच चार इंचांमुळे, असं दादाचं म्हणणं.

खंड्या आमचा कुत्रा. अठरा किलो, एक कान उभा, एक पडलेला, जात कुठलीच नाही. गाडी मी चालवते. दादा शेजारी बसून नकाशा बघतो आणि सूचना करतो. या वेळी ठरवलं होतं की हायवेला लागायचंच नाही. नकाशावर बारीक रेघेने दाखवलेले, धरणामागून, माळावरून, डोंगराच्या कुशीतून जाणारे रस्ते घ्यायचे, पन्नास-पंचावन्नच्या वर जायचं नाही, आणि दीड तास झाला की थांबायचं. ही थांबायची अट खंड्यासाठी घातलेली, पण गाडीलाही ती मानवते.

पहिला दिवस

सामान भरण्यापेक्षा खंड्याला बसवायलाच जास्त वेळ गेला. दोन दारांची गाडी असल्याने पुढची सीट पुढे कलवायची आणि त्याला मागे सोडायचा. गोम अशी की जुन्या मायनरची ही सीट कलते, पण तिला अडकवायला खिटी नाही. जोरात ब्रेक लागला आणि मागून अठरा किलो येऊन आदळले, की सीट माणसासकट पुढे. मागे सीटबेल्टचा पत्ता नाही. एअरबॅग वगैरे तर विसराच. त्यामुळे कुत्रा घेऊन निघायचं तर सुरक्षिततेचा सगळा विचार आपला आपणच करायचा.

आम्ही तो दोन टप्प्यांत केला. पुढची सीट खाली पट्ट्याने बांधून टाकली. खंड्याला आत-बाहेर करताना तेवढा पट्टा सोडायचा. मागच्या बाजूला फरशीतून आरपार बोल्ट घालून कडी बसवून घेतली. बोल्टच्या खाली तळहाताएवढी पोलादी पट्टी आहे, कारण साठ वर्षांचा पत्रा नुसत्या वॉशरवर भरवशाचा नाही. झटका बसला तर बोल्ट पत्र्यातून उपसून येईल. कडीला आखूड पट्टा, आणि तो खंड्याच्या छातीच्या हार्नेसला. गळ्यातल्या पट्ट्याला कधीच नाही. गळपट्ट्याने बांधलेला कुत्रा ब्रेक लागल्यावर गळ्यावर लटकतो. पट्ट्याची लांबी अशी की त्याला उठता, वळता, आडवं होता यावं, पण पुढच्या सीटवरून डोकावता येऊ नये. ही शेवटची अट खंड्याला अजून मान्य नाही.

निघायच्या तीन तास आधी थोडंसंच खायला दिलं होतं. मायनरला मागे पाटे आणि जुन्या तऱ्हेचे लिव्हरचे शॉकअॅब्जॉर्बर आहेत, त्यामुळे मागचा प्रवासी सतत हलत असतो. कुत्र्याला गाडी लागणार असेल तर तो आधी सांगतो: जांभया, ओठ चाटणं, मग लाळ. पिल्लांना जास्त लागते, कारण आतल्या कानाची वाढ पुरती झालेली नसते. खंड्या त्या वयातून गेलाय, तरी वळणांच्या रस्त्यावर पहिल्या तासाभरात आरशात त्याच्या तोंडाकडे लक्ष ठेवावं लागतं.

चोक ओढला, किल्ली फिरवली. टक टक टक टक. पेट्रोलचा एसयू पंप विजेवर चालतो आणि तो बॉनेटखाली आमच्या पायांसमोरच्या पत्र्यावर बसवलेला आहे. कार्बोरेटरची फ्लोटची वाटी भरेपर्यंत तो टकटकतो आणि भरली की गप्प होतो. खंड्या दर वेळी या आवाजाला मान तिरकी करतो. आवाज थांबला की पुन्हा अंग टाकतो.

पहिल्या थांब्यानंतर किल्ली फिरवली आणि खंड्याने मान तिरकी केली ती केलीच. उठून बसला, नाक पुढे, नजर पायांसमोरच्या पत्र्यावर. मी दादाशी पुढच्या फाट्यावरून वाद घालत होते. मग लक्षात आलं, टकटक थांबलेलीच नाही. इंजिन बंद असताना पंप चालूच राहिला तर मुख्य दोन शक्यता. एक म्हणजे टाकी रिकामी. ती आमची अर्धी भरलेली होती. दुसरी, पेट्रोल कुठेतरी बाहेर चाललंय. किल्ली बंद केली, आधी खंड्याला उतरवून लांब नेलं, मग बॉनेट उघडलं. फ्लोटच्या वाटीच्या ओव्हरफ्लोमधून थेंब पडत होते. वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी सुई कचऱ्याने अडकली होती. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने वाटीच्या झाकणावर दोन हलक्या टिचक्या मारल्या आणि सुई सुटली. सांडलेलं पेट्रोल वाळून वास जाईपर्यंत थांबलो, मग सेल्फ मारला.

‘‘कुत्र्याने पकडलं बघ,’’ मी म्हटलं.

‘‘आवाज तुलाही येत होता,’’ दादा म्हणाला. ‘‘तू बोलणं थांबवलं असतंस तर ऐकलाही असतास.’’

तेही खरंच. कुत्र्याला आपल्या दुपटीहून वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येतात, पण पंपाची टकटक ऐकायला तेवढे कान लागत नाहीत. माझा मुद्दा वेगळा होता: मागे बसलेल्याला दुसरं काही काम नव्हतं.

दुसरा दिवस

घाट. चढ फार उभा नव्हता, पण लांब होता आणि रस्ता एकच गाडी जाईल एवढा. मायनरच्या पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे चालत्या गाडीत गिअर सहज जुळवून घेणारी सोय, नाही. चालत्या गाडीत तो टाकायचा तर दोनदा क्लच दाबून मधे इंजिन फिरवून घ्यावं लागतं, नाहीतर खरखर ऐका. एकटी असले तर मी कधी कधी ती खरखर चालवून घेते. मागे कुत्रा असला की नाही. झटका बसला की तो धडपडतो, नखं रोवतो, आणि पुढचे दहा किलोमीटर अंग आखडून उभा राहतो. त्यामुळे खंड्या असतो तेव्हा माझं गिअर टाकणं सुधारतं. वळण येण्याआधीच दुसरा टाकायचा, इंजिन जरा चढं ठेवायचं, टॉपमध्ये कण्हत चढवायचं नाही. रेडिएटरचा पंखा इंजिनच्या पट्ट्यावरच फिरतो, म्हणजे इंजिन रेंगाळलं की पंखाही रेंगाळतो आणि नेमकं हवं तेव्हा वारं कमी पडतं.

खंड्याची आवडती जागा सीटवर नसून सीटखाली, पाय ठेवायच्या फरशीवर, पुढच्या सीटच्या पाठीला पाठ लावून. सुरक्षित म्हणाल तर तीच. अर्धा घाट चढलो असू, तो उठला. सीटवर चढला. थोड्या वेळाने खाली उतरून पाय टेकवून पाहिला आणि पुन्हा वर. जीभ बाहेर, लांब आणि टोकाला पसरलेली. जीभ अशी पसरट झाली की कुत्र्याला नुसतं बरं वाटत नाहीये असं नाही, त्याला उष्णता बाहेर टाकायला जमत नाहीये. घाम त्याला फक्त पंजांना येतो. बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. निरोगी कुत्र्याचं तापमान मुळातच आपल्याहून जास्त, साधारण ३८.३ ते ३९.२ अंश, त्यामुळे चढायला फारसा वावही नसतो.

मी मागे हात घालून फरशी चाचपली. चांगलीच गरम.

आता जुन्या गाडीवाल्यांचा एक हमखास उपाय असतो: इंजिन तापलं की केबिनचा हीटर पूर्ण सोडायचा. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच, तेवढी उष्णता आत ओढून घेतो. माणसं काचा खाली करून पंधरा मिनिटं सोसतात आणि घाट पार होतो. कुत्रा मागे असताना हा उपाय बाद. मग उरतं ते थांबणं. पुढच्या वळणावर झाडाखाली रुंदी मिळाली तिथे गाडी घेतली.

दादाने उतरता उतरताच शास्त्र सांगितलं. ‘‘फरशी तापते ती गिअरबॉक्सने आणि खालच्या सायलेन्सरच्या पाइपने. रेडिएटरचा संबंध नाही. उगाच थांबवलंस.’’

तत्त्वतः तो बरोबर होता. पण बॉनेटखाली उकळी फुटल्याचा घुमा आवाज येत होता आणि गाडीखाली हिरवट थेंब पडत होते. रेडिएटरच्या खालच्या होजची क्लिप सैलावली होती. झाकणाला हात लावला नाही. इंजिन निवेपर्यंत ते उघडायचं नसतं, उकळतं पाणी दाबाने अंगावर येतं. दादा क्लिप आवळायला खाली वाकला आणि ओरडला, ‘‘अगं, त्याला धर!’’

खंड्या थेंबांकडे निघाला होता.

इथे जरा थांबून सांगते, कारण जुनी गाडी आणि कुत्रा या जोडीतला सगळ्यात मोठा धोका मला हाच वाटतो, अपघातापेक्षाही. नेहमीच्या कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरच्या द्रवात, इथिलिन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड लागतं. कुत्र्याला जिवावर बेतायला निव्वळ ग्लायकॉल किलोमागे साधारण ४.४ मिलिलिटर पुरतं. म्हणजे खंड्याच्या वजनाला ऐंशी मिलिलिटर, अर्धा कपसुद्धा नाही. आधी कुत्रा झिंगल्यासारखा चालतो, उलट्या करतो. मग काही वेळ बरा झाल्यासारखा दिसतो, आणि तेवढ्यात मूत्रपिंडं निकामी होत जातात. उतारा आहे, पण तो पहिल्या काही तासांतच उपयोगी. ‘उद्या बघू’ म्हणण्यासारखं हे प्रकरण नाही. चाटल्याचा संशय आला तरी गाडी थेट प्राण्यांच्या डॉक्टरकडे. आधुनिक गाडीतून कूलंट गळालं तर लोक धावपळ करतात. जुन्या गाडीच्या मालकाला मात्र गाडीखालच्या डागांची सवय झालेली असते. ‘थोडं गळतंच’ म्हणून तो पुढे जातो. कुत्रा जात नाही.

म्हणून आम्ही खंड्या घरात आला तेव्हाच जुनं कूलंट काढून प्रोपिलिन ग्लायकॉलवालं भरलं. त्याचा विषारीपणा खूपच कमी आहे. पिऊ द्यायचं तेही नाहीच. दादाने क्लिप आवळली, मी खाली पडलेल्यावर माती टाकली आणि खंड्याला त्याच्या भांड्यातलं पाणी दिलं. ते संपवून त्याने रेडिएटरसाठी आणलेल्या कॅनकडे पाहिलं. पाऊण तासाने इंजिन निवलं, पाणी भरलं, निघालो.

उतरताना वेगळाच खेळ. चारही चाकांना ड्रम ब्रेक. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं आणि ब्रेक नुसता पाय ठेवून घासत न्यायचा नाही, थोडा वेळ नीट दाबायचा आणि सोडायचा. खाली आलो तेव्हा खंड्या फरशीवर घोरत होता.

तिसरा दिवस

माळावरचा मातीचा रस्ता आणि धूळ. पुढे एखादी गाडी असली तर तिचा लोट बसेपर्यंत थांबायचं. घाई आम्हाला नव्हतीच. खंड्याला वारा हवा असतो आणि मायनरची पुढची तिकोनी काच यासाठी फार कामाची. ती उलटी फिरवली की वाऱ्याचा झोत सरळ मागे जातो. डोकं बाहेर काढून जीभ फडफडवणारा कुत्रा फोटोत झकास दिसतो, पण खडा किंवा कण डोळ्यात गेला की बुबुळाला ओरखडा पडतो. पट्टा आखूड असल्याने खंड्याला ते जमत नाही. कुत्र्यांचे गॉगल मिळतात, आमच्याकडेही आहेत. त्याने ते पंजाने काढले. पुन्हा घातले, पुन्हा काढले. तिसऱ्यांदा ते चावले आणि विषय संपला.

हा शोध काही आजचा नाही. १९०३ साली होरेशिओ नेल्सन जॅक्सन नावाचा डॉक्टर पन्नास डॉलरच्या पैजेवर सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कला मोटारीने निघाला. सोबत स्युअल क्रॉकर हा मेकॅनिक आणि दोन सिलिंडरची, वीस अश्वशक्तीची विंटन. अमेरिका आरपार मोटारीने कोणी गेलं नव्हतं आणि बऱ्याच भागात रस्ता म्हणावा असा रस्ताही नव्हता. वाटेत आयडाहोत त्यांनी बड नावाचा बुलडॉग घेतला. गाडीला ना छप्पर ना पुढची काच. खारट धुळीने बडचे डोळे सुजले तेव्हा त्यालाही माणसांसारखे गॉगल चढवले. २३ मे रोजी दोघे निघाले होते, २६ जुलैला तिघे न्यूयॉर्कात पोचले. ती विंटन आणि बडचे गॉगल आज वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहेत. मी हे सगळं मोठ्याने सांगत होते. खंड्याने ऐकलं असावं, फरक पडला नाही.

दुपारी रस्ता डांबरी झाला तेव्हा उतरण्याआधी हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून पाहिली. सात सेकंद टेकवून धरवत नसेल तर कुत्र्याचे पंजेही भाजतात. मला तीनच सेकंद धरवलं. पुढे जाऊन गवत मिळालं तिथे थांबलो.

एक नियम या दिवशी कंटाळवाणा झाला, पण मोडला नाही: खंड्याला गाडीत एकटं ठेवायचं नाही. बाहेर २४ अंश असताना बंद गाडी उन्हात दहा मिनिटांत ३४ आणि अर्ध्या तासात ४३ अंशांच्या आसपास जाते. काच बोटभर उघडी ठेवून फार फरक पडत नाही. त्यामुळे जिथे जिथे थांबलो तिथे एकाने आत जायचं, दुसऱ्याने बाहेर खंड्याबरोबर. जुना पूल मी पाहिला, दादाने नाही. त्यावर तो अजून बोलतो.

चौथा दिवस

पाऊस. ओला कुत्रा, बंद काचा, वाफ. वायपर कसेबसे फिरत होते आणि दादा दर दोन मिनिटांनी फडक्याने आतून काच पुसत होता. एका ओढ्यातून पाणी ओलांडल्यावर ब्रेक लागेनात. भिजलेले ड्रम असेच करतात. रिकाम्या रस्त्यावर हळू चालवत ब्रेक हलका दाबून धरला, वाळले. दुपारीच मुक्काम गाठला. मुक्कामाची जागा ठरवताना आम्ही फोनवर दोनच गोष्टी विचारतो: कुत्रा चालेल का, आणि गाडी उतारावर लावता येईल का. दुसऱ्या प्रश्नाने समोरचा जरा बुचकळ्यात पडतो. बॅटरी कधी कधी मान टाकते, म्हणून.

पाचवा दिवस

सकाळी बॅटरीने खरंच मान टाकली. हँडल होतं, पण उतार असताना कोण मारतो? गाडी सोडली, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला, चालू.

परतीची वाट नदीकाठाने होती, सपाट आणि रिकामी. गाडी मजेत पळत होती आणि मी आदल्या दिवसांच्या अनुभवावर विसंबून आरशात खंड्याकडे बघत होते. तासाभराने तो ताडकन उठला. मान तिरकी, कान (उभा होता तो) आणखी उभा, नाक थरथरतंय. फरशीवर पाय टेकेना. मी लगेच गाडी बाजूला घेतली. किल्ली बंद, पुन्हा चालू: पंप भरला आणि थांबला. बॉनेट उघडलं. होज कोरडे, पाण्याची पातळी नीट, पट्टा ताठ. मग सायलेन्सर. जुन्या गाडीत तो सांध्यात फुटला किंवा डिकीचं रबर गेलं असलं तर धूर आत येतो, आणि फरशीशी झोपणाऱ्याला तो आपल्याआधी लागतो. फडकं धरून सांधे तपासले. फुसफुस कुठेच नाही. डिकीचं रबरही ठीक.

दादा तोवर गाडीला टेकून शेतातल्या बांधाकडे बघत उभा होता.

‘‘झालं का निदान?’’

‘‘नाही सापडत काही.’’

‘‘तिकडे बघ.’’

बांधावर मुंगूस उभं होतं.

खंड्याला उतरवून पट्ट्यासकट बांधापर्यंत फिरवून आणलं, तेव्हा तो शांत झाला. बाकीच्या रस्त्यात त्याने आणखी तीनदा इशारे दिले आणि दादाने तिन्ही वेळा मला थांबू दिलं नाही. एकदा माकड होतं, दोनदा काहीच नव्हतं.

संध्याकाळी घरी पोचल्यावर आंघोळीआधी कामं. मायनरच्या पुढच्या चाकांचे ट्रनियन, म्हणजे चाकं ज्यावर वळतात ते सांधे, वेळच्या वेळी ग्रीस मागतात; कोरडे राहिले तर झिजून सुटतात आणि चाक आडवं पडतं. पाण्यातून, चिखलातून गाडी गेल्यावर तर लगेचच. दादा ग्रीसगन घेऊन गाडीखाली गेला. मी खंड्याला दिव्याखाली घेतलं आणि गोचिड्या शोधायला लागले: कानांच्या आत, काखेत, बोटांच्या बेचक्यांत, हार्नेस घासतो तिथे. उभ्या कानात एक सापडली, पडलेल्या कानात दोन. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, पिळायची नाही, नाहीतर तोंड आत राहतं.

‘‘डावा ट्रनियन घेत नाहीये ग्रीस,’’ गाडीखालून आवाज आला. ‘‘निपल तुंबलंय. सुई आहे का?’’

‘‘थांब, चिमटा मोकळा होऊ दे.’’